चाचांची कॅसेट

नव्वदच्या दशकात मी दुबईत, अल क्वोजच्या लेबर कॅम्पमध्ये राहायचो. आमचे बंगाली आचारी, चाचा, बांगलादेशातल्या एकाहत्तरच्या कत्तलीतून घरातले एकटेच वाचले होते. ढाक्याच्या एका प्राध्यापकांसाठी मी अशा आठवणी टेप करायचो. प्रश्नावली उघडून मी विचारलं, "घटना किस तारीख को हुई?" चाचा म्हणाले, "खलास, दाल जल जायेगी," आणि उठले.

"अरे, पोलीस चौकीत जबानी घेतोस काय?" माझा रूममेट, राजापूरचा वेल्डर, हसला. कॅम्पात सगळे पत्राऐवजी कॅसेट बोलून घरी पाठवायचे. त्यानं टेप चाचांपुढे ठेवला.
"चाचा, घर भेजते हैं, वैसा बोलो."
"किसको भेजूँ? कोई बचा नहीं."
"मेरे को भेजो."

चाचांनी कॅसेटच्या दोन्ही बाजू भरल्या. आई, तळं, सगळी भावंडं, एकेकाच्या नावानिशी. मी दारात जळत उभा. मशीन माझं, कॅसेट माझी, प्रश्न तर टाइप केलेले!

कव्हरवर संकलक म्हणून मी झोकात स्वतःचं नाव घातलं. मग पाठवण्याआधी कॅसेट ऐकली. दर दोन वाक्यांनी चाचा वेल्डरला नाव घेऊन "सुन बेटा" म्हणत होते. मी माझं नाव खोडून त्याचं लिहिलं. अक्षर मात्र मुद्दाम वाईट काढलं.