रंगुबाईंनी राखलेला माळ

म्हसवडच्या पूर्वेला एका माळावर आमच्या गृहनिर्माण संस्थेने १९७५ साली घरे बांधली. बहात्तरच्या दुष्काळात तो माळ पार उघडा पडला होता. म्हणून घरे एका कोपऱ्यात बांधायची आणि बाकीची जमीन कुरण म्हणून राखायची, असे ठरले. तिथे नांगर नाही, चराई नाही. गवत न्यायचे ते विळ्याने कापून. हे मान्य असेल त्यालाच घर. संस्थेचा चिटणीस या नात्याने हा नियम मी प्रत्येकाला वाचून दाखवत असे.

शेवटचे घर मागायला मेंढपाळ रंगुबाई आल्या. आमचे अध्यक्ष लालासाहेब पलटणीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. ते हसले. "बाई, तुमची मेंढरं माळ चाटून काढतील."

"मेंढरं लेकाबरं कृष्णाकाठाला आस्त्यात. घर मला आन् सुनंला पायजे. माजी तीन बाळंतपणं वाटंवर झाली, एकच लेकरू जगलं. सुनंचं छपराखालीच व्हायला पायजे."

घर त्यांना मिळाले. पण त्यांच्या घराण्यात कळप बसल्याशिवाय नव्या जागेत चूल पेटवत नसत. त्यांनी मुलाला, सिद्धूला, मेंढरांसह बोलावून घेतले. कळप अंगणात बसला, माणसांना डुलकी लागली आणि मेंढरे कुरणात शिरली. उजाडले तेव्हा आम्ही तिथे लावलेल्या कडुलिंबाच्या रोपांचे नुसते बुडखे उरले होते.

"नियम ऐकला होता ना?" मी विचारले.

"ऐकला व्हता. मेंढरं आंगणातच ठिवायची व्हती. चूक माजी."

कमिटीने घराला कुलूप लावले.

"लावा," रंगुबाई म्हणाल्या. "पर जेठापातूर घर दुसऱ्याला दिऊ नगा. सून जेठात मोकळी व्हईल. त्याच्या आत रोपं उभी करते."

सिद्धू कळप घेऊन परत गेला. सासू-सुनांनी हद्दीबाहेर पाल ठोकले. घोडीच्या पाठीवर दोन बाजूंना डबे बांधून रंगुबाई ओढ्याकाठच्या विहिरीवरून पाणी आणत, प्रत्येक बुडख्याला घालत आणि भोवती बाभळीचे काटे रचत. भर चैत्रातही त्यांची खेप चुकली नाही.

"काय रंगुबाई, पलटणीत भरती हुताय का?" लालासाहेबांनी एकदा हटकले.

"तुमीच या की भरती व्हायला, सुभेदार. घोडी दमलीया."

दुसऱ्या दिवशी लालासाहेब बादली घेऊन आले.

काही रोपे गेली. पण वैशाखात बहुतेक बुडख्यांना लाल पालवी फुटली. लालासाहेबांनी स्वतः कुलूप काढले, आणि ज्येष्ठात त्या घरात सुनेला मुलगी झाली.

निरोप मिळताच सिद्धू कळपासह निघाला. जवळची वाट कुरणातून होती. तो तिकडूनच वळला. रंगुबाई काठी घेऊन हद्दीवर आडव्या उभ्या राहिल्या.

"सिद्धू, फिरीव मेंढरं! सडकंनं ये."

"आगं आये, पोरीचं त्वांड तर बघू दे!"

"पोरगी काय पळून चाललीया? फिरीव म्हनते न्हवं!"

"लेकापरीस झाडं जड झाली व्हय गं तुला?"

"झाली. चल, फिर!"

सिद्धूने बडबडत कळप फिरवला. सडकेचा वळसा लांबचा होता. शेवटचे मेंढरू डांबरी रस्त्याला लागेपर्यंत रंगुबाई जागच्या हलल्या नाहीत.