आमच्या साडूंची सहा माणसांची होडी

आमच्या मोठ्या साडूंइतका समुद्राचा अभ्यास केलेला माणूस अख्ख्या कोकणपट्टीत सापडायचा नाही. समुद्र मात्र त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला आहे, तोही ओहोटीत. ‘पानी आतमधे गयेल व्हतं,’ असं ते अजून सांगतात; जणू पाव्हणे आलेले बघून समुद्र पदर सावरत माजघरात गेला. बाकी सगळी हयात दीपनगरच्या वीज केंद्रात बॉयलरच्या धगीपुढे गेली. निवृत्त झाल्यावर थंडाव्यासाठी त्यांनी जळगावच्या पिंप्राळ्यात घर बांधलं, म्हणजे फुफाट्यातून उठून तव्यावर जाऊन बसले. मे महिन्यात आमच्या जळगावला कावळासुद्धा रिक्षाच्या टपाखाली बसून स्टेशनपर्यंत जातो. हे मी स्वतः पाहिलंय. त्या रिक्षात मीच होतो.

वस्तू निवडणं हा साडूंचा धर्म. साधा कूलर घ्यायचा तर दुकानात एकेका कूलरपुढे सतरंजी टाकून दुपारची झोप काढायचे. ज्या कूलरपुढे घोरण्याचा सूर स्थिर राहिला तो त्यांनी घरी आणला. दुकानदार आजही त्यांना लांबून पाहिलं की सतरंज्या आत नेतो. अशा माणसाला होडी निवडायची आहे, हे कळलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, ‘तुझ्या बहिणीचं आता खरं नाही.’

पण होडीमागे कारण होतं. साडूंना दोन मुलगे, एक पुण्याला, एक सुरतेला, आणि दोघांची मिळून चार नातवंडं. उन्हाळी सुट्टीत ही सगळी फौज गुरुवारी यायची आणि ऊन सोसवेना म्हणून रविवारी सकाळीच पळायची. गेल्या वर्षी निघताना पुण्याच्या नातीने बूट घालता घालता विचारलं, ‘आजोबा, तुमच्याकडे दिवसभर करायचं काय पण?’ बॉयलरच्या परीक्षेत पहिला आलेला माणूस, एवढ्याशा पोरीपुढे नापास झाला. आठ दिवस ते गच्चीवर फेऱ्या घालत राहिले आणि नवव्या दिवशी मला फोन आला, ‘साडूभाऊ, ठरलं. शिडाची होडी. वाघूर धरणावर पाणी शे, वारा शे. पुढच्या सुट्टीत पोरं महिनाभर हालणार नाहीत.’

‘नळाला पाणी येवानी वाट देखू आपन, नि तुम्हले होडी सुचनी!’ अशी अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, फोनमागून पुस्ती जोडली.

मग निवड सुरू झाली. अलिबागकडच्या एका होडीवाल्याला साडू रोज फोन करायचे. तो बिचारा विचारायचा, ‘काका, शर्यतीसाठी पाहिजे, का फॅमिलीसाठी?’ साडू म्हणायचे, ‘जेवणासाठी.’ कारण आमच्या खानदेशात माणूस पाण्यात बुडाला तर चालतं, उपाशी बुडाला तर गावाची अब्रू जाते. निमुळती होडी जोरात पळते पण कलंडते, रुंद बुडाची सावकाश जाते पण टिकून राहते, हे होडीवाला अर्धा तास समजावत होता. साडूंनी एका वाक्यात कसोटी लावली, ‘आमरसाची भरलेली वाटी फळीवर ठेवली, तर कोणत्या होडीत सांडायची नाही?’ पलीकडून फक्त लाटांचा आवाज येत होता.

कागदावरची मापं पटेनात, तेव्हा त्यांनी गच्चीवर रांगोळीने खऱ्या मापाच्या होड्या काढल्या. चार माणसांची, पाच माणसांची, सहा माणसांची. शेजारच्या बायका पापड वाळत घालायला वर आल्या की साडू त्यांना हात जोडून होडीत बसवायचे आणि नातवंडांच्या जागा धरून ठेवायचे. शिडाखालचा आडवा दांडा वळताना एका बाजूहून दुसऱ्या बाजूला येतो, त्यासाठी झाडूचा दांडा घेऊन ते मध्यभागी उभे राहायचे आणि ‘वाका!’ म्हणून गरजून फिरवायचे. बायका सरावाने वाकायला शिकल्या. मी गेलो त्या दिवशी ‘या, बसा’ आणि ‘वाका’ हे दोन्ही शब्द एकदमच आले, म्हणून माझ्या कपाळावर पंधरा दिवस समुद्रपर्यटनाची खूण होती. अक्कांनी एवढंच विचारलं, ‘शिडाचं कापड घट्ट विणेल शे ना? बिबड्या चिकटाले नको.’ बिबड्या म्हणजे ज्वारीचे पापड; ते वाळवायला चांगलं म्हणून मग पांढरं शीडच ठरलं. बहुउपयोगी होडी म्हणतात ती हीच.

एप्रिलात सुरतेहून फोन आला, मुलांची पोहण्याची शिबिरं आहेत. पुढच्या आठवड्यात पुण्याहून आला, यंदा मनालीचं बुकिंग झालंय, जमलं तर जूनमध्ये. साडू ‘बरं बरं, पोहणं चांगलं, मनाली थंड’ एवढंच म्हणाले. संध्याकाळी ते गच्चीवर रांगोळीच्या होड्यांकडे बघत उभे होते. अक्का हळूच म्हणाल्या, ‘आते दोनच मानसं आपन. धाकली ल्या ना.’

‘आनि चारी पोरं, बठ्ठेच आले तं?’ साडू एकदम तडकले. ‘कोनले काठावर बसाडू?’

सहा माणसांचीच आली. ट्रॉलीवर चढून, ट्रॅक्टरमागून, भर दुपारी पिंप्राळ्यात. सगळी कॉलनी फाटकात. ‘नाना, यंदा पूर येनार शे का?’ एकाने साडूंना विचारलं. ‘तुले घेनार नही,’ साडू म्हणाले. होडीबरोबर अलिबागहून आलेल्या तांडेलाने धरणावर दोन दिवस शिकवलं आणि जाताना बजावलं, ‘काका, होडी सहा माणसांची. दोघंच बसलात तर हलकी पडेल, वाऱ्याला उलटेल. वजन ठेवा.’

साडूंनी पुणे आणि सुरत दोन्हीकडे फोन लावून चारही नातवंडांची वजनं विचारून घेतली. सुनांना वाटलं, सासऱ्यांना पोरांच्या तब्येतीची काळजी. मग घरी काट्यावर तोलून, किलोला किलो, चार कॅन पाण्याने भरले. पिंप्राळ्याहून धरणावर पाणी घेऊन जाणारा जगातला पहिला माणूस म्हणून मी त्यांची भरपूर टिंगल केली. ‘तिथेच भरा की!’ म्हटलं. ‘तठे काटा कोठे शे?’ ते म्हणाले.

सकाळी आम्ही निघालो. मी पुढे, कारण माझं वजन धरण्यासारखं नाही असं त्यांचं मत. सुकाणूवर साडू, मध्ये अक्का, आणि दोन्ही बाजूंच्या फळ्यांवर दोन दोन कॅन, दोरीने नीट बांधलेले. शीड फुगलं, होडी सरकली, आणि शपथेवर सांगतो, ती खरंच डुगडुगली नाही. मी टाळ्या वाजवल्या. साडू हसले नाहीत. त्यांचं लक्ष पाण्यावर होतं.

ऊन वर आलं. अक्कांनी उजवीकडचा लहान कॅन सोडवला, शिडाच्या सावलीत घेतला आणि दोरी पुन्हा घट्ट केली. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाल्या, ‘उनमा तापी जाई ना तो.’

साडूंनी सुकाणू जरा वळवलं. होडीचा वेग मंदावला, शीड फडफडायला लागलं. वारा त्या बाजूचा नव्हताच, हे मलासुद्धा कळत होतं. पण सावली कॅनवरून हलली नाही, आणि बराच वेळ त्यांनी होडी तशीच धरून ठेवली.