दादाने घेतलेलं माप

दादा नाकावर माशी बसू देणारा नव्हता. गाडी गॅरेजात शिरली की गिऱ्हाईक काही सांगायला तोंड उघडायचं आणि दादा म्हणायचा, "तुम्ही जरा गप्प बसा, गाडीला बोलू द्या." जीपगाड्या उंच करून घेण्याचं खूळ आलं तेव्हा तर त्याच्या जिभेला धारच चढली. स्प्रिंगा बदलून गाडी वीतभर वर उचलायची, मोठी चाकं लावून मिरवायचं, आणि खालून खडखडाट सुरू झाला की दादाच्या दारात यायचं. "पोरगं वाढलं की पँट नवी घेता ना?" तो विचारायचा. "मग गाडी उंच केलीत, तर शाफ्ट कोण वाढवणार?"

शाफ्ट म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा लांब दांडा. उंच गाडीत तो तोकडा पडतो, तिरपा होतो आणि आपलेच सांधे खातो. नवा करायचा तर माप बिनचूक हवं, आणि दादाचं माप म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पलीकडच्या गल्लीतला लेथवाला फोनवर आकडा ऐकून सरळ पाइप कापायला घ्यायचा. पुन्हा विचारायची त्याची छाती नव्हती. दादाचा नियम एकच होता. माप घेताना गाडी स्वतःच्या चाकांवर उभी हवी. घोडीवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवली की चाकं लोंबकळतात, मागचा अ‍ॅक्सल खाली उतरतो आणि माप भलतंच लांब येतं.

अलीकडे मात्र धाकटा भाऊ त्याच्या मागोमाग फिरायला लागला होता. दादाने आवळलेला नट तो गुपचूप पुन्हा आवळायचा. एका गाडीत दादाने ऑइल दोनदा ओतलं, ते यानेच काढलं आणि कुणाकडे ब्र काढला नाही. वहिनीला सगळं कळत होतं. "भावजी, त्यांना घरी बसवू नका," ती एकदा म्हणाली होती. "घरी ते भिंतीकडे बघत बसतात. मला बघवत नाही." धाकट्याने मान डोलावली होती. पण चुकीच्या शाफ्टची गाडी उतारावर कुणाच्या जिवावर उठली तर काय, हा प्रश्न त्याला जेवताना घास गिळू देत नव्हता.

त्या आठवड्यात डोंगरातल्या वस्त्यांवर औषधं पोचवणाऱ्या बाईंची जीप आली होती. नवा शाफ्ट लेथवरून आला, दोघांनी घोडीवरच्या गाडीला तो बसवला. अगदी बेतल्यासारखा बसला. मग धाकट्याने गाडी खाली घेतली आणि तिच्या पोटातून ठक्क असा आवाज आला. शाफ्टचे दोन भाग एकात एक सरकतात. ते पार आत जाऊन भिडले होते. पुढे सरकायला जागाच उरली नव्हती. पहिल्याच मोठ्या खड्ड्यात गिअरबॉक्स फुटला असता.

"लेथवाल्याने घोळ घातला," दादा म्हणाला.

दादा टेप घेऊन वाकला होता तेव्हा गाडी घोडीवर होती, चाकं लोंबत होती. ते धाकट्याने पाहिलं होतं. दादाला मापाबद्दल टोकायचं कसं, म्हणून तो पुढे निघून गेला होता.

"काय झालं हो?" दारात थांबलेल्या बाईंनी विचारलं.

"माप माझं चुकलं," धाकटा म्हणाला. "गाडी वर असतानाच घेतलं मी."

मग दादा जो सुटला! केस पांढरे झाले तरी अक्कल आली नाही, चाकं जमिनीवर टेकल्याशिवाय टेपला हात लावायचा नाही हे किती वेळा सांगायचं, बाईंच्या जिवाचं काही वाटतं का. शेजारचा पंक्चरवाला हातातलं काम टाकून ऐकत उभा राहिला. धाकटा मान खाली घालून उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांनी त्याचा दादा त्याला परत भेटला होता.

"शाफ्ट काढ. मी घेतो माप," दादा म्हणाला.

या वेळी गाडी चाकांवर होती. दादा गाडीखाली काम करायच्या खड्ड्यात उतरला, एक टोक धाकट्याला धरायला लावून टेप ताणली आणि खणखणीत आवाजात आकडा सांगितला. धाकट्याने टेपकडे पाहिलं. आकडा दुसराच होता. दादाने मघाचाच आकडा, चुकलेल्या शाफ्टचा, पुन्हा सांगितला होता.

बाहेर जाऊन धाकट्याने लेथवाल्याला फोन लावला, टेपवरचा आकडा सांगितला आणि घसा खाकरून म्हणाला, "आणि ऐक. यापुढे माप मी सांगेन. दादाचा फोन आला तर हो म्हण, पण कापू नकोस."

तो वळला तर मागे दादा उभा होता, हात पुसायचं फडकं घेऊन. त्याने सगळं ऐकलं होतं. धाकट्याला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आता दादा पान्हा फेकून मारणार, असं त्याला वाटलं. मारला असता तरी चाललं असतं.

दादा हाताची बोटं एकेक करून पुसत राहिला. मग त्याने कधी गिऱ्हाइकासमोरही काढला नव्हता इतका मऊ आवाज काढला.

"मग उद्या मी येऊ ना रे?"