सीनेच्या वाळूत रुतलेली गाडी

परवा जावयाने चाकाची हवा सोडली आणि त्या रबरी वासासरशी मी पन्नासेक वर्षं मागे, सीना नदीच्या कोरड्या पात्रात जाऊन पडलो.

तेव्हा कर्जतला माझं गॅरेज होतं. गोव्याला निघालेलं एक परदेशी जोडपं पलंग-स्टोव्हसकट गाडी घेऊन आलं. गाडी म्हणजे त्यांचं घरच. ती समुद्राच्या वाळूवर चालायला हवी होती, आणि इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना. समुद्र मी नकाशातही नीट पाहिला नव्हता; तरी छाती ठोकून हो म्हटलं. चाकांत दगडासारखी हवा ठासली आणि चाचणीसाठी गाडी नदीत घातली. दहा पावलांत ती अशी रुतली की आणखी हातभर जाती, तर पाताळातून तक्रार आली असती. बाई रडायलाच लागली.

पात्रात टरबुजं लावणारी सगुणाक्का पुढं आली. "आरं, तव्यावर गोळा टाकतो का कुनी? भाकर थापावी लागती. हवा सोड, चाक पसरू दे."

"आक्के, हवा काढल्यावर चालंल व्हय?"

"आत्ता लई चालतीय जनू!"

हवा सोडली, चाकांखाली गोणपाट घातलं आणि गाडी म्हशीसारखी डुलत वर आली. जोडप्याने माझेच हात धरले. मीही खाणाखुणांनी सांगितलं, मुद्दाम रुतवली होती, तुम्हाला शिकवायला!

मग पुढच्या डांबरी रस्त्यासाठी हातपंपाने चारही चाकं भरताना माझ्या घामाने सीनेला पूर आला. आक्का काठावर टरबूज खात हसत होती. तेव्हा राग आला होता. आता कळतं, माझी थाप तिला समजली होती, आणि तिने ती झाकली होती.