आईची गाडी बोथ्याच्या घाटात तापली नाही

माझ्या आईच्या नखांत शेवटच्या दिवशीही ग्रीस होतं.

शेवटची आंघोळ घालताना मावशी ते साबणाने घासून काढत होती. मी म्हटलं, राहू दे. कमावलेलं आहे ते.

आज तिला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आई संग्रामपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सायन्स शिकवायची. ती रिटायर झाली आणि वर्षभरातच बाबांच्या किडन्या गेल्या.

मंगळवारी आणि शुक्रवारी खामगावला डायलिसिस. त्यासाठी आमची जुनी पांढरी गाडी.

चालवायची आई, सेवा करायचे बाबा. रोज सकाळी बोनेट उघडून तांब्याभर पाणी रेडिएटरमध्ये. देवपूजा न करणाऱ्या आमच्या घरात तेवढाच एक नित्यनेम होता.

तरी गाडी तापायला लागली. एका शुक्रवारी शेगावच्या अलीकडे वाफा सोडून बंदच पडली. बाबा दोन तास कडुलिंबाखाली बसून होते.

हॉस्पिटलला पोचेपर्यंत त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलेलं. मंगळवार उजाडेपर्यंत बाबांना धड श्वास घेता येत नव्हता.

गॅरेजचा मिस्त्री म्हणाला, भंगारात द्या. मी पुण्याहून फोनवर मोठ्या ऐटीत म्हटलं, नवी गाडी पाठवते.

"तू गाडी पाठू नोको," आई म्हणाली. "पान्याचा सेट पाठव."

मी हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

पान्यांचा, म्हणजे स्पॅनरचा, सेट पोचला आणि आईने शेजारच्या रफिकचाचांना गाठलं. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. डोळ्यांत मोतीबिंदू, हात थरथरणारे, पण कान शाबूत. ते खाटेवर बसून इंजिनाचा आवाज ऐकायचे, आई पदर खोचून बोनेटखाली वाकायची.

"डोकं तुमचं, हात माह्ये," असं तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

काढलेला एकेक बोल्ट ती पुठ्ठ्यात टोचून ठेवायची आणि खाली नाव लिहायची, प्रॅक्टिकलच्या वहीत लिहितात तसं. शाळेतला बाईपणा काही सुटला नाही.

थर्मोस्टॅट बदलला. फॅनचा पट्टा बदलला. रेडिएटरचं झाकण बदललं.

गाडी तापतच राहिली. चाचांनी हात टेकले. त्यात पुढच्या महिन्यात पासिंग होतं, म्हणजे बुलढाण्याला आरटीओत गाडी दाखवायची. नापास झाली तर रस्त्यावर काढायची नाही, आणि मग बाबांना आठवड्यातून दोनदा न्यायचं कसं?

एका मंगळवारी बाबांना मशीन लागलेलं असताना आईला तिथले पाण्याचे मोठे फिल्टर दिसले. तिने टेक्निशियनला विचारलं, एवढे कशाला? तो म्हणाला, साधं पाणी चालत नाही, त्यातले क्षार आधी काढावे लागतात, नाहीतर पेशंटलाही त्रास आणि मशीनलाही.



आमचा भाग खारपाणपट्ट्याचा. बोअरचं पाणी इतकं खारट की पाणी तापवायचा रॉड महिन्यात पांढरा पडतो. आणि तेच पाणी बाबा वर्षानुवर्षं गाडीला पाजत होते.

घरी येऊन आईने रेडिएटर खाली उतरवला. चाचांनी बोटांनी चाचपून पाहिलं. नळ्या पांढऱ्या खड्यांनी गच्च बुजल्या होत्या.

बाबांचा चेहरा पडला. "म्हंजे मीच मारून राह्यलो होतो तिले?"

"आपुन जे पेलो तेच तुम्ही तिले पाजलं," आई म्हणाली. "तुमचा काय कसूर त्याच्यात? या पाण्यानं तुमाले नाही सोडलं, गाडीले काय सोडन."

मग तीन दिवस ती रेडिएटरवर तुटून पडली. गरम पाण्यात स्वयंपाकघरातलं लिंबूसत्त्व घालून भरायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. खाली स्वच्छ पाणी येईपर्यंत. नंतर कूलंट आणि बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर. बोनेटच्या आतून बाबांनी स्वतःच्या हाताने लाल रंगात लिहिलं, 'बोअरचे पाणी टाकू नये'.

पासिंगला मी सुट्टी काढून आले होते. मे महिना. खामगाव सोडलं आणि बोथ्याचा घाट लागला. आई स्टिअरिंगवर, चाचा शेजारी कान देऊन, मागे बाबा आणि मी.

घाटात आमच्यापेक्षा कितीतरी नव्या तीन गाड्या बोनेट उघडून उभ्या होत्या. मी जीव मुठीत धरून टेम्परेचरच्या काट्याकडे बघत होते. तो मध्यावरून हलला नाही.

आईने त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही.

गाडी पास झाली. पाच वर्षांसाठी! साहेबांनी विचारलं, काम कोणी केलं? आईने चाचांकडे बोट दाखवलं, चाचांनी आईकडे.

घाट उतरताना आई उगाचच हॉर्न वाजवत होती. वर्गात कुजबुजही खपवून न घेणारी माझी आई. बाबा पोट धरून हसत होते. किती दिवसांनी हसले होते ते.

त्यानंतर तीन वर्षं, आठवड्यातून दोनदा. गाडीमुळे एकही फेरी हुकली नाही.

गेल्या वर्षी एका सोमवारी सकाळी हार्ट अटॅक आला आणि आई गेली. संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. घर नातेवाइकांनी भरलेलं. सगळे म्हणाले, आज कुठे नेता त्यांना, एक दिवस राहू द्या. बाबांनी फक्त डायलिसिसची फाइल काढून मांडीवर ठेवली.

मी किल्ली घेतली. चाचांनी कूलंट तपासायला लावलं आणि मगच जाऊ दिलं. आम्ही वेळेवर पोचलो.

तेव्हापासून मी इथेच आहे. ऑफिसचं काम घरून करते. पाने आता माझ्याकडे आहेत, आणि चाचांची बोलणी मी खाते.

सकाळपासून फोन येत आहेत, आईच्या पहिल्या स्मृतिदिनाचं पुण्यानुमोदन किती वाजता आहे म्हणून. सगळ्यांना इथेच सांगते. कार्यक्रम उद्या सकाळी ठेवलाय, जेवायला या.

आज मंगळवार आहे. आज बाबांचं डायलिसिस आहे. स्वतःच्या आठवणीसाठीसुद्धा फेरी चुकवलेली तिला चालली नसती.

निघतो आम्ही, आई.

जयभीम.