जनार्दन मास्तर जालन्याला निघाले

जनार्दन मास्तर अंबडच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे, पण निघण्याचे शब्द मात्र शिकवत नसत. येणं, पोचणं, थांबणं, राहणं हे सगळं मुलांकडून घोटून घ्यायचे. पुस्तकात 'स्टार्ट', 'सेट ऑफ', 'सेट आऊट', 'सी ऑफ' यांचा एक धडा होता. त्याची पानं वर्गातल्या प्रत्येक पुस्तकात कणकेच्या खळीनं एकमेकांना चिकटवलेली असत. नवी पुस्तकं आली की मास्तर स्वतः मांडी घालून बसत आणि एकेक पुस्तक चिकटवून उन्हात ठेवत.

मी तिथं गणित शिकवायला गेलो तेव्हा निजामाची अमदानी होती. सगळे विषय उर्दूतून चालत, इंग्रजीचा तास तेवढा वेगळा. मास्तर आणि मी शाळेमागच्या एकाच खोलीत राहायचो. ते पन्नाशीचे, उंच, खांद्यात जरा वाकलेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मला ते नावानं हाक मारत नसत, 'गणितवाले' म्हणत. भाजी चिरता चिरता एकदा मी त्यांना त्या पानांचं विचारलं. ते चिडले नाहीत.

"शब्द सोपे हायेत, गणितवाले. स्टार्ट म्हणजे नुसतं जागचं हललं. सेट ऑफ म्हणजे घर सोडून वाटेला लागलं. सेट आऊट म्हणजे कुठं जायचं ते मनात पक्कं धरून लांबच्या वाटेला लागणं. पुढं गावाचं नाव आलं की मधी फॉर पाहिजे, टू न्हाई. अन् सी ऑफ हा मागं राहणाऱ्याचा शब्द. वेशीपर्यंत जायचं अन् परतायचं."

"मग शिकवत का नाही?"

"पोरं वाक्यं करतात. अन् मंग तसं होतं."

एका मुलानं लिहिलं होतं, माझे आजोबा कुंभार पिंपळगावला निघाले. आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले. तिसऱ्या दिवशी म्हातारा उठला, पटका बांधला आणि चालू लागला. पिंपळगावच्या वाटेवर विहिरीच्या काठी तो टेकून बसलेला सापडला, तेव्हा जीव गेलेला होता. दुसऱ्या मुलानं वाक्यात शाळेच्या मुन्शीला हैदराबादला धाडलं. मुन्शीनं अर्जही केला नव्हता, आठवड्यात बदलीचा हुकूम आला.

"मुन्शी सुखानं गेला, म्हणून मी मनावर घेतलं न्हाई," मास्तर म्हणाले. "तिसरं वाक्य माझ्या बायकोचं. माझ्याजवळ अक्षरं गिरवून राह्यली होती. तिनं पाटीवर काय लिहिलं ते मी सांगणार न्हाई."

मी त्यांना योगायोगाचं काहीतरी समजावून सांगितलं. "असंल, बराबर असंल," म्हणत त्यांनी भाजी फोडणीला टाकली.

पुढच्या हिवाळ्यात शाळा तपासायला मोहतमीम साहेब आले. हा अधिकारी स्वभावानं चांगला होता. मुलांशी हसून बोलायचा. एका मुलाचं पुस्तक चाळताना त्याच्या हाताला जाड पान लागलं.

"मास्टरसाब, ये सफे क्यों चिपके हैं?"

साहेबांनी पान उन्हाकडं धरून पाहिलं, धडा ओळखला आणि समोरच्या रखमाजी नावाच्या धनगराच्या मुलाला फळ्यापाशी बोलावलं. 'सेट आऊट' घालून एक वाक्य लिही, म्हणाले. रखमाजीनं खडू उचलला आणि 'माय मदर' असं लिहिलं. मी दारातून पाहत होतो. मास्तर भराभर पुढं झाले. त्यांनी मुलाच्या हातातून खडू घेतला, लिहिलेलं हातानंच पुसलं आणि आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: द मास्टर सेट्स आऊट फॉर जालना अ‍ॅट फोर.

"बिलकुल बराबर," साहेब म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले.

दुपारी मास्तर खोलीत खाटेवर येऊन बसले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर घट्ट. "मी कुठं जात न्हाई. बघू," एवढंच बोलले. मीही मुद्दाम तिथंच बसलो. चार वाजायला थोडा वेळ असताना दारात एक माणूस आला. खांद्यावर घोंगडी, पाय धुळीनं भरलेले.

"अंबूताईची तब्येत जास्ती हाये. जल्दी बोलावलंय. दमणी आणलीया."

अंबूताई ही मास्तरांची धाकटी बहीण, जुन्या जालन्यात राहायची. मी त्या माणसाला पाणी दिलं. मास्तरांनी माझ्याकडं पाहिलं आणि ते हसले, म्हणजे नुसते ओठ हलले.

"नका जाऊ," मी म्हणालो.

"बहीण हाये माझी. न जाऊन कसं भागंल?"

त्यांनी टोपी घातली, पिशवीत एक धोतर टाकलं. मी वेशीपर्यंत गेलो. दमणीचे बैल वळणाआड गेले तेव्हा मागं शाळेची चारची घंटा झाली.

चार दिवस वाट पाहून मी जालन्याला गेलो. अंबूताई ओसरीवर तूर पाखडत बसली होती, ठणठणीत.

"दादा आल्ता? कधी? मी कुणाला धाडलंच न्हाई."

मग तिनं सूप खाली ठेवलं आणि तो माणूस दिसायला कसा होता ते विचारलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. माझ्या हातानं मी त्याला तांब्या दिला होता. घोंगडी आठवत होती, पाय आठवत होते. चेहरा काही केल्या आठवेना.

पोलीस पाटलानं वाटेवरच्या विहिरी पाहिल्या, नदीकाठ पाहिला. त्या दिवशी तशी दमणी वाटेवर कुणी पाहिलीच नव्हती.

महिन्याभरानं अंबूताईला ताप भरला. मी खबर घ्यायला गेलो तेव्हा तिला माणूस ओळखू येत नव्हता. सून उशाशी बसून कपाळावर ओली घडी ठेवत होती. ऊन उतरायच्या सुमारास अंबूताईनं अचानक डोळे उघडले आणि दाराकडं पाहिलं. आवाज अगदी रोजचा, घरातला.

"किती उशीर केलास, दादा," ती म्हणाली. "ये. सूनबाई, पायावर पाणी दे त्याला."

सुनेनं माझ्याकडं पाहिलं. ती उठली, तांब्या भरला आणि उंबऱ्याशी नेऊन ठेवला. मी दारातच उभा होतो. वाट सोडून मी बाजूला सरकलो.