गिटारची चिकट दांडी

मंडळी, आज दिग्रसात जीव थकून गेला.

बँडमध्ये चाचणीचा पहिलाच दिवस, संध्याकाळी लग्नात वाजवायचं. अन् गिटारच्या दांडीवरचं व्हार्निश घामानं इतकं चिकट झालं, की हात पुढं सरकेच ना. जिनिंगसमोर चहाले बसलो, तर उडता कापूसही दांडीलेच चिकटला.

जवळच पलंग बनवणाऱ्या रहीमचाचांकडं गेलो. "इतना चमकाया कायकू रे? आईना है के बाजा?" म्हणत त्यांनी दांडीची मागची बाजू बारीक काचकागदानं घासली. चमक गेली, पण हात सरसर चालला. लग्नात एकदाही अडखळलो नाही.

नंतर बँडमास्तरांनी गिटार उलटी करून पाहिली. "उद्यापासून ये. पण दांडी अशी मळकी काहून? व्हार्निश मारून आण."

आता मी बँड सांभाळू का हात, तुम्हीच सांगा.